गार टायरवरची अकरा वर्षं

टायरवर बोलणाऱ्या पुरुषांचा आर्लीन स्टेलिकला वीट आला होता, आणि तो काही एका दिवसात आलेला नव्हता. नेब्रास्कातल्या त्या जुन्या लष्करी विमानतळाच्या भेगाळलेल्या काँक्रीटवर, एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातून एक-दोन रविवार घडीच्या खुर्चीत बसून ती तेच ते ऐकत आली होती. रिम किती इंची, टायर किती रुंद, हवा किती. मुलांच्या लग्नाबद्दल दोन वाक्यांपलीकडे न बोलणारे बाप्ये रबराबद्दल जेवण गार होईपर्यंत बोलत. त्यांच्या बायका कधीच यायच्या बंद झाल्या होत्या. आर्लीन येत राहिली, कारण तिला गाडी चालवायची होती.

चालवणं तिला येत होतं. अठ्ठावीस वर्षं ती तालुक्याच्या टोकाच्या वस्त्यांवर टपाल टाकत होती. रोज ऐंशी मैल, बहुतेक खडीचा रस्ता, तोही स्वतःच्या गाडीने. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि लोकांच्या पत्रपेट्या उजवीकडे, म्हणून ती उजव्या सीटवर बसायची, डावा पाय पलीकडे पेडलवर, डावा हात स्टिअरिंगवर आणि उजव्या हाताने पत्रं. जानेवारीत बर्फावरून असं अठ्ठावीस वर्षं जो गेला त्याला गाडी कुठे सुटते आणि कुठे धरते हे कुणी सांगावं लागत नाही. सकाळचा पहिला मैल वेगळा असतो आणि पाचवा वेगळा, हे तर तिच्या बुडालाच कळायचं.

तिचा नवरा ग्लेन. शेतात गोल फिरून पाणी देणाऱ्या त्या लांबलचक यंत्रांचे सुटे भाग त्याने आयुष्यभर विकले. बोलणं गोड, हात बोलण्याबरोबर हलणारे. समोरच्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याला जन्माची सवय. निवृत्त झाल्यावर त्याला गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून त्याने बायको धरली.

तेरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एक छोटी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी घेतली. तांबडा रंग विटून गुलाबी झालेला. वजन जेमतेम दोन हजार पौंड. रविवारी धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा आणि एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचं, असा तो खेळ. शंकू पाडला की दोन सेकंद वाढतात. एका गाडीत दोघं नाव नोंदवू शकतात: पहिला ड्रायव्हर पळून आला की दोन मिनिटांत दुसरा त्याच गाडीत बसतो. मग बाकी सगळ्यांची पाळी होईपर्यंत वीस मिनिटं गाडी उभी, आणि पुन्हा तोच क्रम. पहिली दोन वर्षं त्यांच्या गाडीला सात इंच रुंद रिम आणि एकशे पंचाण्णव मिलिमीटर रुंदीचे टायर होते. कधी ग्लेन पुढे, कधी आर्लीन. दोघं भांडत, हसत, दुपारी ट्रकच्या फळीवर बसून कोबी-खिम्याचे गरम पाव खात. ती दोन वर्षं चांगली गेली.

मग कर्ट आला. म्हणजे तो क्लबात आधीपासून होताच, पण त्या हिवाळ्यात तो ग्लेनच्या कानात शिरला. कर्टची गाडी तीन हजार चारशे पौंडांची, पुढे मोठं इंजिन, आणि मत त्याहून जड. नियमात बसेल तेवढा रुंद टायर घालायचा, दुसरा विचारच करायचा नाही, हा त्याचा धर्म. ग्लेनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. नऊ इंची रिम, दोनशे पंचवीसचे टायर. आर्लीनने बटाटे सोलता सोलता एवढंच विचारलं की गाडी इतकी हलकी आहे, तर एवढं रबर तापवणार कोण? न तापलेला टायर रस्ता धरत नाही. ग्लेन म्हणाला, ते सगळं हिशेबात धरलंय. महत्त्व गाडीच्या उत्तम वेळेला. रुंद टायरने गाडीची उत्तम वेळ खाली येते, हे सिद्ध झालेलं आहे.

रुंद टायर आले आणि ग्लेन एकाएकी सुधारला. दर रविवारी तो आर्लीनच्या पुढे. जुलैच्या उन्हात दोन दशांश सेकंदांनी, ऑक्टोबरच्या गारठ्यात सात-सात दशांशांनी. उन्हाळ्यात नवऱ्याची अक्कल कमी होते आणि थंडीत वाढते, असं तर काही नसतं. कारण उघड होतं. पहिली नेहमी आर्लीन जायची. ग्लेन तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरायचा, कमरेत जरा वाकून "लेडीज फर्स्ट" म्हणायचा, आणि रांगेतले लोक कौतुकाने हसायचे. आर्लीन गार टायरवर घसरत, सावरत एक फेरी मारून यायची, आणि तापलेल्या टायरवर हे गृहस्थ बसायचे.

हलक्या गाडीला दोन ड्रायव्हर हवेतच, त्याशिवाय टायर गरम राहत नाहीत, हे कर्ट स्वतः सगळ्यांना सांगायचा. सगळ्यांना ते माहीत होतं. मग गरम करतं कोण, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या वर्षी तिने ग्लेनला ते सांगितलं. आपण क्रम बदलू, एकदाच. त्याने ते चारचौघांत, कर्टसमोर, हसून सांगितलं: आर्लीन आता टायरला दोष द्यायला लागली. त्या लोकांत टायरला दोष देणं म्हणजे पोराने पाटीला दोष देण्यासारखं. सगळे हसले. तिच्या तोंडाला कडू चव आली ती घरी पोचेपर्यंत गेली नाही. सातव्या वर्षी तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा ग्लेनने तिला वळणावर नजर कुठे ठेवायची हे समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

सगळ्यांत जास्त शिसारी तिला स्वतःची यायची. नावनोंदणीचा फॉर्म भरायचं काम तिचं होतं. ग्लेनला कागदपत्रांचा कंटाळा. 'पहिला ड्रायव्हर' या रकान्यात अकरा वर्षं ती स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहीत आली होती. कुणी तिचा हात धरला नव्हता.

रुंद टायरांच्या अकराव्या ऑक्टोबरात, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, उत्तरेकडून असा वारा होता की कॉफी ओतेपर्यंत गार. आर्लीनने ट्रकमधून चारही रुंद चाकं उतरवली, कारण ग्लेनचा गुडघा दुखत होता आणि जीभ नव्हती. तो आणि कर्ट एका नव्या माणसाला घेरून उभे होते. प्रुएट नावाचा दातांचा डॉक्टर, पन्नाशीचा, त्याने नुकतीच अशीच हलकी गाडी घेतली होती आणि बिचाऱ्याने विचारलं होतं की टायर कोणत्या मापाचे घेऊ. संपलं. पाऊण तास झाला तरी त्याची सुटका नव्हती.

आर्लीन नट आवळत होती. ग्लेन म्हणत होता, "माप एकदा बरोबर निवडलं ना डॉक्टर, की मग उरतो तो फक्त माणूस. आता आमचंच बघा. तीच गाडी, तेच टायर, तोच दिवस. आणि आमच्यात सात दशांशांचा फरक. तो कशाचा? हिला विचारा."

डॉक्टर ओशाळून हसला. कर्ट मोठ्याने हसला.

आर्लीनने पाना खाली ठेवला. तिने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला, गाडीच्या बॉनेटवर सपाट केला, पहिल्या रकान्यातलं आपलं नाव खोडलं आणि तिथे 'ग्लेन' लिहिलं. दुसऱ्या रकान्यात स्वतःचं. मग ती नोंदणीच्या ट्रेलरच्या खिडकीशी गेली आणि कागद आत सरकवला. साडेआठला यादी छापली जाते, आणि छापलेली यादी त्या क्लबात कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

रांगेत त्यांच्या गाडीचा पुकारा झाला. सत्तेचाळीस नंबर, पहिला ड्रायव्हर ग्लेन स्टेलिक. ग्लेनच्या हातात कॉफी होती. त्याने इकडेतिकडे बघितलं.

"चूक झालीय त्यांची," तो म्हणाला.

"चूक नाही. मी लिहिलंय."

"पण का?"

आर्लीनने गाडीचं दार उघडून धरलं. कमरेत वाकली मात्र नाही. "बस," ती म्हणाली. "मागे लोक थांबलेत."

शंकूंच्या तिसऱ्याच जोडीपाशी त्याची मागची चाकं सुटली. गाडी आडवी झाली, चार शंकू उडाले. टायरला दोष तर देता येत नव्हता. तो उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. वाऱ्याने असतील.

आर्लीन बसण्याआधी वाकली आणि मागच्या टायरवर तिने हात ठेवला. कोमट होता. अकरा वर्षांत या क्षणी तिने टायरला कधी हात लावला नव्हता. या वेळी ती नेहमी हेल्मेट काढत असायची. तिचा हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला, मागचा माणूस हॉर्न वाजवेपर्यंत.

गाडी धरून होती. ती वळवील तिथे वळत होती, थांबवील तिथे थांबत होती. आर्लीनला पहिल्या अर्ध्या मार्गात विश्वासच बसेना, म्हणून ती जपून गेली, आणि तरी एकोणपन्नास पूर्णांक पाच सेकंद. दुसऱ्या फेरीत ती जपली नाही. अठ्ठेचाळीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या फेरीत एक शंकू पाडला, पण तोवर तिला पर्वा नव्हती. ग्लेन तीन फेऱ्यांत खाली येऊन येऊन एकोणपन्नास पूर्णांक एकाहत्तरपर्यंत आला. आठ दशांश आणि वर थोडं.

ती गाडी उभी करून आत बसून राहिली. एक मिनिटभर तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग डोकं चालायला लागलं. आधी जाणाऱ्याला सात-आठ दशांशांचा दंड, मग तो कुणीही असो. तो काढून टाकला तर दोघांत उरतं काय? जवळजवळ काहीच नाही. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ. त्या पहिल्या दोन वर्षांत होते तसेच ते दोघं सारखेच होते. एवढ्याशावर तिने अकरा वर्षं नजर कुठे ठेवायची हे ऐकून घेतलं होतं. आनंद गेला आणि तोंडात तीच कडू चव परत आली.

दुपारी तिची शंकू उचलण्याची पाळी होती. धावपट्टीवर वाऱ्यात उभं राहून तिने इतरांचे पाडलेले शंकू उभे केले. लांबून तिला दिसत होतं: ग्लेन आणि कर्ट त्यांच्या गाडीशी वाकले होते. कर्टकडे तापमान मोजायची ती छोटी बंदूक होती. ग्लेनचे हात हलायला लागले होते. तिला कळलं, याला काहीतरी सापडलंय.

सामान भरताना तो तिच्याकडे आला. चेहरा उजळलेला. यंत्राचा बिघाड शोधून काढला की गिऱ्हाइकासमोर तो असाच उजळायचा.

"आर्लीन, ऐक. तुला सोप्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "आपली गाडी फार हलकी आहे. एवढं रुंद रबर दाबायला वजनच नाही. त्यामुळे पहिली फेरी पूर्ण गारच जाते. आम्ही मोजलं. जो आधी जातो तो मरतो बघ. ही सरळ भौतिकशास्त्राची गोष्ट आहे."

आर्लीनने हातातलं चाक खाली टेकवलं.

"मी ठरवलंय," तो पुढे म्हणाला. "सात इंची रिम घ्यायचे आणि एकशे पंचाण्णव. डॉक्टरलाही आत्ताच सांगून आलो. उद्या मागवतो."

अकरा वर्षांपूर्वी बटाटे सोलताना तिने जे सांगितलं ते त्याला तीन फेऱ्यांत कळलं होतं. कळण्यासाठी त्याला फक्त स्वतः घसरावं लागलं. आणि ते आता तो तिलाच समजावून सांगत होता, हातवारे करून. तिला ओरडावंसंही वाटेना. नुसता उबग आला, त्याचा, कर्टच्या बंदुकीचा, जळक्या रबराच्या त्या वासाचा.

"मागवू नकोस," ती म्हणाली.

"अगं, पण रुंद टायरने पहिल्यावर अन्याय होतो."

"होतो ना?"

तिच्याकडे नीट बघायला त्याला जरा वेळ लागला.

"या टायरवर गाडीची उत्तम वेळ आज लागली," आर्लीन म्हणाली. "महत्त्व त्यालाच, असं तूच म्हणाला होतास. अकरा वर्षं मी आधी गेले. आता अकरा वर्षं तू जा. मग घेऊ बारीक टायर."

ग्लेन हसला. ती हसत नाही हे दिसलं तेव्हा त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि हळूहळू उतरलं. तो चौसष्ट वर्षांचा होता. अकरा मिळवून बघत असावा. शेवटी त्याने तिच्या हातातलं चाक घेतलं, दुखऱ्या गुडघ्यानिशी ट्रकवर चढवलं, मग दुसरं, तिसरं, चौथं.

आर्लीन ट्रेलरच्या खिडकीशी गेली. पुढच्या हंगामाचे फॉर्म ठेवले होते. तिने आठ रविवारांचे आठ घेतले आणि तिथेच उभ्याने, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपराने दाबून, आठही कागदांवर पहिल्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं.