वाफेत घातलेल्या तारा

त्या दिवशी मी बारा उंदरांच्या माना मोडल्या. अंगठा मानेमागे दाबायचा, दुसऱ्या हाताने शेपटी खेचायची. भंवरकुआंजवळच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं हे माझं काम. पण त्या दिवशी ते आधीच किंचाळत होते. गाठीवरची कातडी फुग्यासारखी ताणलेली, दोघांची फाटलेली. एक स्वतःचंच मांस चावत होता.

त्यांच्या कॅन्सरच्या गाठींत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची तार बसवली होती. ती अंगात हळूहळू विरते, जाता जाता गाठ मारते, काढायला पुन्हा चिरावं लागत नाही, अशी आशा. प्रयोग एका मुलीच्या पीएचडीचा. तिने बजावलं होतं, "काका, वाफेत नको हं. हा धातू वाफेत सडतो. गॅसच्या मशीनमध्येच निर्जंतुक करा."

गॅसचं मशीन बंद पडलं होतं. मी तारा स्टीलच्या चिमट्यांबरोबर वाफेत सारल्या. काळपट होऊन निघाल्या. पुसल्या, म्हटलं, चलेगा. उंदरांच्या अंगात त्या भराभर झिजल्या आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन वायू कातडीखाली साचला.

तिच्या गाइड सरांनी ट्रे तिच्यावर फेकला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं.

"निर्जंतुकीकरणाच्या तक्त्यावर सही कोणाची आहे, मॅडम? बोला ना!"

सही तिचीच होती. महिनाभराच्या कोऱ्या तक्त्यांवर विद्यार्थ्यांच्या आधीच सह्या घ्यायची पद्धत मीच पाडली होती. काम मी करायचो, रकाने नंतर भरायचो.

"तारा मी नाही निर्जंतुक केल्या, सर. काकांना विचारा."

सर माझ्याकडे वळले. "क्या भिया, तुम्ही केल्या?"

मी हातमोजे काढत म्हणालो, "नाही सर. मॅडमनीच केल्या."

तिची पीएचडी तिथेच संपली.

मागच्या महिन्यात ती स्नेहलतागंजात भेटली. भुवईवर व्रण. आता शिकवणी घेते म्हणाली. माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, भर रस्त्यात. तिने ऐकून घेतलं आणि हातातलं हेल्मेट माझ्या डाव्या खांद्यावर हाणलं. एकदा, पुन्हा एकदा. लोक थांबले. "अरे मॅडम, छोड़ो, बुजुर्ग हैं!"

"बुजुर्ग?" ती धापा टाकत म्हणाली. "लिहून द्या, काका. सरांच्या नावाने. सहीसकट. आत्ता."

निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिली आहेत. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद घेतला. डावा हात वर होईना, तेव्हा तिनेच कागद काउंटरवर दाबून धरला, आणि मी लिहायला लागलो.