हिराच्या धवल्यासाठी माइक

आज सकाळपासून वारा पडलाय. रेवदंड्याची खाडी परातीतल्या पाण्यासारखी गप्प, आणि हवा अशी दमट, की वाळत घातलेल्या बोंबलांनाही घाम फुटावा! असा दिवस रेकॉर्डिंगला बरा. शाळेत मी गेलो नाही, पण गेल्या पंधरवड्यात एवढं शिकलो. आणि किस्से म्हणाल तर ओटीवरच्या वाळूसारखे; कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा आहेतच.

माझी बायको हिरा धवलारीण. लग्नात एकेका विधीला धवल्याची गाणी गाणारी. श्रीवर्धनला नातीची हळद तोंडावर आलेली, आणि हिराच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. प्रवास बंद! "आजीच्या धवल्याबिगर पोरीला हळद लागायची व्हय?" म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. मग ठरलं, घरीच गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं.

*

अलिबागच्या दुकानदारानं एक नाजूक माइक काढला. "काका, मुंगी चालली तरी ऐकू येईल!"

मी हिराला फोन लावला. ती म्हणाली, "मुंगीला न्हाय गायचं, मला गायचंय. स्वस्तातला बघा!"

*

तरी त्या भल्या माणसानं तोच दोन दिवस वापरून बघायला दिला. हिरा गायली. मग ऐकलं, तर कोंबडा, पंखा, बोटीचं इंजिन, सगळे हजर! हिरा मात्र कुठंतरी मागं. सगळ्यात स्पष्ट कोण, तर मासळी विकणारी आमची शेजारीण शेवंता. "ताजे बोंबील घ्या, ताजे!"

हिरा म्हणाली, "कालचेच हायत. आता पुरावा मिळाला!"

*

दुसऱ्या बाजूचे शेजारी हमीदभाई. बरीच वर्षं कुवेतला काढलेली. ते म्हणाले, "दादा, आपल्या घराला तोंडाशी धरायचा साधा माइक बरा. तो लांबचं ऐकत न्हाय. आणि गोधड्या टांगा, आवाज घुमायचा न्हाय." लगेच कपाटातून स्वतःचा जुना माइक काढून दिला. वर पांढऱ्या स्पंजची टोपी.

गोधड्या टांगायच्या कुठं? हिरा सरळ गोधडीतच शिरली. शेवंता डोकावली, आणि धावत जाऊन गरम पेज घेऊन आली. "हिराबाय, थंडी भरली का गं?"

गोधडीतून आवाज आला, "न्हाय गं, लगीन हाय!"

*

सगळं जमलं, आणि हिरा गाईचना! "समोर नवरी न्हाय. हळदीचा धवला काय रिकाम्या भिंतीला म्हणू?"

मी पंखा बंद केला आणि वाट बघत बसलो. घाई करून तिनं कधी काही केलेलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं वाटीत हळद कालवली. माइकच्या टोपीला पाची बोटांनी लावली. "ये गं माझे पोरी," म्हणाली, आणि जी गायली! पंखा बंद होता, मी घामानं निथळत होतो, पण जागचा हललो नाही.

हळदीच्या दिवशी नातीचा फोन आला. "आजी, सगळा मांडव गप झाला गं!"

*

आज माइक परत द्यायला निघालो. साबण झाला, लिंबू झालं, टोपीची हळद काही निघेना. हमीदभाईंपुढं मान खाली घालून उभा राहिलो. झालं ते सगळं सांगितलं. "टोपी नवी आणून देतो," म्हटलं.

हमीदभाईंनी माइक हातात घेतला. टोपीवर उमटलेली ती पिवळी बोटं निरखली. मग तो माझ्याच हातात परत ठेवला.

"हळद लावलीत, धवला गायलात. ही पोर तुमच्या घरी सासरी गेली, दादा. आता परत माहेरी कशाला आणता?"