ओव्हरटाइमचा गोल

अमेरिकेत कॅरी गावात राहायला आलो तेव्हा आइस हॉकीतलं मला आणि लेकीला ओ की ठो कळत नव्हतं. टीव्हीसमोर बसून दोघी एकत्रच शिकलो. पुढे ती चौदा वर्षांची झाली, घरात बोलेनाशी झाली, पण मॅच असली की मला टेकून बसायची.

या वर्षी आमची टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत पोचली आणि मॅचेस दुसऱ्याच चॅनलवर गेल्या. ते आमच्याकडे नव्हतं. बातम्यांत बास्केटबॉलचं कौतुक संपतच नसे. हॉकीचा नुसता स्कोर सांगून हवामान सुरू. ऑफिसातही कुणी विषय काढेना.

समोरच्या काकूंकडे मात्र ते चॅनल होतं. काकू रिटायर्ड डॉक्टर, एकट्या राहतात. तरुणपणी मिनेसोटात असताना त्यांना हॉकीचं वेड लागलेलं. लेक मॅच बघायला त्यांच्याकडे जायला लागली. परत आली की तोंडी एकच, "आई, काकू नोज एव्हरीथिंग."

मी लगेच ते चॅनल घेतलं. तिला सांगितलं, तर म्हणाली, "बट काकूंना एकटीला बोअर होतं."

"आणि मला?"

"तू पण ये ना."

मी गेले नाही. माझ्याच मुलीशेजारी पाहुणी म्हणून काय बसायचं?

शनिवारी दुपारची मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. पहिला गोल करेल तो जिंकणार. खिडक्या उघड्या होत्या. माझ्या स्क्रीनवर खेळाडू अजून मैदानाच्या मध्यावरच होता आणि समोरच्या घरातून दोघींची आरोळी आली. माझं इंटरनेटवरचं चित्र काही सेकंद मागे चाललं होतं. मग तोच गोल माझ्यापुढे झाला. मी जागची हललेसुद्धा नाही.

न राहवून शेवटी गेले. लेक काकूंच्या गळ्यात पडली होती. मला तिने अशी मिठी कधी मारली होती, ते आठवेना.

"पाहिलास ना गोल?" काकूंनी विचारलं.

"पाहिला. तुमच्यानंतर."

त्या हसल्या आणि चहा टाकायला गेल्या. लेक हातवारे करत मला गोल सांगू लागली, पण दर वाक्याला स्वयंपाकघराकडे मान वळवून, "राइट, काकू?"

पुढच्या मॅचला मीही गेले. सोफ्यावर त्या दोघी, बाजूच्या खुर्चीत मी. आमची टीम हरली, स्पर्धेतून बाहेर गेली. लेकीचे डोळे भरून आले. मी उठेपर्यंत काकूंनी तिला जवळ घेतलं होतं.