तात्यांच्या राजाची उडी

मालतीवहिनींचा फोन सकाळी आला. "भावोजी, हे गेले. झोपेतच..." एवढंच बोलल्या. विनायकला जाऊन आता महिना उलटला, तरी त्याच्याबद्दल लिहायला बसलं की आधी थकवाच येतो. पोफळीच्या वीजघरात आम्ही एकत्र नोकरी केली, कॉलनीत शेजारी राहिलो आणि निवृत्तीनंतर दोघंही रत्नागिरीत आलो. त्यानंतरची त्याची बहुतेक वर्षं एका पुस्तकामागं गेली.

ते पुस्तक बुद्धिबळाचं. इंग्रजी अमदानीत शिळाछापावर निघालेलं, मराठीतून हा खेळ शिकवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक. लेखकानं स्वतःचं नावही घातलं नव्हतं. कोकणातल्या कितीतरी वाचनालयांत माणसं त्यावरूनच खेळायला शिकली. पण सगळीकडे मिळायची ती दुसरी आवृत्ती, आणि तिच्यात नियम विलायती होते. पहिली आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं लिहिली होती, असं प्रस्तावनेत ओझरतं आलं होतं. त्या ओझरत्या उल्लेखानं विनायकला पछाडलं.

कारण त्याचे वडील. तात्या केळशीचे बागायतदार, आणि खेळायचे जुन्या देशी पद्धतीनं. कॉलेजात असताना विनायकनंच हौसेनं रत्नागिरीतल्या एका स्पर्धेत त्यांचं नाव दिलं. पहिल्याच डावात तात्यांनी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला. समोर बसलेला तरुण वकील मोठ्यानं हसला, "अहो, आधी खेळ शिकून या!" सगळी खोली हसली. "आमच्याकडं असंच खेळतत हो," तात्या हळूच म्हणाले, आणि उठले. पुढं मरेपर्यंत त्यांनी पटाला हात लावला नाही.

पहिली आवृत्ती शोधत विनायक पुण्याला गेला, साताऱ्याला गेला, बंद पडलेल्या वाचनालयांच्या किल्ल्या कुणाकडं आहेत ते विचारत गावोगाव फिरला. गुडघे दुखायला लागले तरी जात राहिला. शेवटी दापोलीकडच्या एका डॉक्टरांच्या माळ्यावर ती मिळाली. अर्धी वाळवीनं खाल्लेली, पण राजाचं प्रकरण शाबूत. शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्याची चाल, असं स्वच्छ छापलेलं. मी सोबत होतो. मला वाटलं, हा आता आनंदानं ओरडेल. त्यानं पुस्तक मिटलं आणि पायरीवर बसून राहिला. "तात्या बरोबर होते रे... पण आता सांगू कुणाला?"

सांगायला एकच माणूस उरला होता. तेव्हा हसलेले ते वकील. नव्वदीला टेकलेले, एका खोलीत पडून असायचे. त्या पानांची झेरॉक्स घेऊन विनायक त्यांच्याकडं गेला आणि संध्याकाळी थेट माझ्याकडं आला.

"त्यांना आठवतच नाही रे. ना स्पर्धा, ना तात्या. मी आयुष्यभर ज्या माणसाशी मनात भांडलो, त्याला त्यातलं काहीच माहीत नाही."

"मग काय केलंस?"

"काय करणार... कागद वाचून म्हणाले, हा खेळ मला ठाऊक नव्हता, जरा दाखवा की. दाखवला."

मग दर गुरुवारी तो तिकडं जायला लागला. राग गेला का, असं मी एकदा विचारलं. "गेला नाही. दमला," तो म्हणाला. "बसतो आम्ही, खेळतो. बरं वाटतं."

वकीलसाहेबांना बातमी सांगायला मीच गेलो. खाटेजवळच्या स्टुलावर पट मांडून ते वाट बघत होते. ऐकून त्यांनी पटावरचे मोहरे पुन्हा नीट लावले. मग विचारलं, "तुम्हाला खेळता येतं?"

"येतं. पण आताच्या नियमांनी."

"असू दे. विनायकरावांनी मला शिकवलंय, मी तुम्हाला शिकवतो. बसा."

समोर वेताची खुर्ची होती, पटाकडे तोंड नसलेली, तिरकी. उजवा गुडघा दुमडत नसे म्हणून विनायक ती तशी लावून पाय लांब सोडून बसायचा. ती कुणी सरळ केली नव्हती. मीही केली नाही. तसाच तिरका बसलो.