ऐस पेट्टीचं उद्घाटन

पोंगल झाल्यावर आमच्या क्लबाने गावासाठी एक ऐस पेट्टी घेतली. लांबचे नातेवाईक येईपर्यंत गेलेलं माणूस घरीच ठेवता यावं म्हणून काचेच्या झाकणाची, विजेवर थंड होणारी ही पेटी असते. तंजावूरात तिला सगळे ऐस पेट्टीच म्हणतात, आम्ही मराठी बोलणारेसुद्धा. कल्पना माझी होती आणि ती चांगली होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तर पेट्टी आली, तिला गुलाबी साटीनची फीत बांधली, देणगीदारांची नावं काचेपेक्षा मोठ्या पाटीवर रंगवली, आणि मे महिन्यातलं अग्निनक्षत्राचं ऊन तापायला लागलं तरी ती क्लबाच्या हॉलमध्ये अध्यक्षांच्या खुर्चीमागे पडूनच होती. कारण तिचं उद्घाटन झालं नव्हतं.

उद्घाटन करायला कोणी मिळेना. शिलाई मशीन असो, शाळेची बाकं असोत, चाकाची खुर्ची असो, फीत कापायला आमच्याकडे मोठ्या माणसांची रांग लागते. पेट्टीचं नाव काढलं की कुठेतरी माशी शिंकायची. एका डॉक्टरांकडे गृहप्रवेश निघाला. एका अधिकाऱ्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. एका वकिलांनी तेवढं खरं सांगितलं, की या वस्तूला पहिला हात आपण लावणार नाही. शेवटी जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या क्लबांचे प्रमुख हो म्हणाले आणि त्यांनी दोनदा तारीख पुढे ढकलली. या सगळ्या काळात गावात माणसं मरायची थांबली नव्हती.

आमची बैठक दर गुरुवारी संध्याकाळी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण क्लबात माझं पहिलं काम दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडायचं आणि गंध-कुंकवाचं तबक पुढे करायचं. क्लबात बाई असली की तबक तिच्याच हातात जातं, त्यावर ठराव करावा लागत नाही. मग प्रार्थना, मग वाढदिवस, मग लग्नाचे वाढदिवस, मग पाहुण्यांची ओळख आणि पाहुण्यांना पोन्नाडै, म्हणजे सत्काराची शाल. शाल घातली की टाळ्या, फोटो, पुन्हा टाळ्या. कधी कधी मला वाटतं, आम्ही गावाची सेवा करतो ती शाली विकणाऱ्याची. या सगळ्याच्या शेवटी माझं दुसरं काम येतं, समाजवार्ता. कोण पास झालं, कोणाचा गुडघा बदलला, कोण वारलं. तोवर मागून सांबाराचा वास यायला लागलेला असतो आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

त्या गुरुवारी दुपारी आमच्या शेजारचे काका गेले. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत जी थोडी मराठी घरं उरलीत, त्यांत त्यांचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. पोस्टातून निवृत्त झालेले, संध्याकाळी दाराबाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारे, मला साठीतही पोरी म्हणणारे. एकच मुलगी, ती कॅनडात. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि काका फोन कानाला लावायचे. कितीही शिकवलं तरी कानालाच. तिला तिकडे पडद्यावर फक्त अप्पांचा कान आणि थोडे पांढरे केस दिसायचे. ती हसून म्हणायची, तोंड बघायला मला तिकडेच यावं लागणार. यायचं यायचं म्हणत दोन-तीन वर्षं गेली.

तिला फोन मीच केला. तिने फोन चालू ठेवूनच तिकीट शोधलं. मग तिने विमानाचं सांगितलं, शनिवारी सकाळी तिरुच्चीला उतरेन म्हणाली, आणि शेवटी एकच गोष्ट मागितली. "फोटो पाठवू नका, आक्का. कोणालाही पाठवू देऊ नका. मी येऊन बघते."

इकडे ऊन असं, की तिण्णैवर पाय ठेववत नव्हता. ओरत्तनाडूहून आलेल्या पुतण्याने बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या बघता बघता वितळल्या आणि खाटेखालचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. गल्लीतली जाणती माणसं म्हणायला लागली की आजच उरकून घ्या, मुलीला कळेल, शिकलेली आहे. भाड्याच्या पेट्ट्या सगळ्या बाहेर गेलेल्या. मोठ्या दवाखान्याच्या शवागाराचं नाव काढलं तर काकी खाटेचा पाय धरून बसली. तिथे नेलेलं माणूस चिरतात, असं तिच्या डोक्यात पक्कं. कोणी काही सांगितलं की ती तेवढंच म्हणायची, पोर येऊंदे. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गुलाबी फीत येत होती.

अध्यक्षांना मी फोनवर फोन केले, त्यांनी उचलला नाही. म्हणून संध्याकाळी बैठकीला गेले. अंगावरच्या साडीला बर्फाचं पाणी लागलेलं होतं, तबक मी उचललं नाही. मला वाटलं, सांगितलं की दोन माणसं उठतील आणि पेट्टी टेम्पोत चढेल. अध्यक्ष हात करून म्हणाले, मॅडम, समाजवार्तेच्या वेळी घेऊ. त्यांचं फरश्या आणि नळांचं मोठं दुकान आहे, माणूस वाईट नाही, पण कार्यक्रमपत्रिकेपुढे त्यांना देवही दिसत नाही. मी दोन वाढदिवस आणि एक लग्नाचा वाढदिवस ऐकला. हिरड्यांच्या आरोग्यावर बोलायला दातांचे एक डॉक्टर आले होते, तेही ऐकले. त्यांना शाल घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी खुर्चीवर बसून होते.

माझी वेळ आली तेव्हा मी उभी राहून सरळ सांगितलं, की माझे शेजारी वारले, मुलगी परदेशातून निघाली आहे, पेट्टी आत्ता पाहिजे. सगळ्यांनी खूप वाईट वाटून घेतलं. मग अध्यक्ष म्हणाले की उद्घाटन झालेलं नाही. खजिनदार म्हणाले की देणगीदार दुखावतील. एकाने विचारलं, वापरलेली वस्तू प्रमुखांच्या हस्ते कशी द्यायची? मी म्हटलं, ती धुता येते. यावर कोणी हसलं नाही. तिघांची समिती नेमावी अशी सूचना आली. मग कोणीतरी म्हणालं, आधी मृतात्म्यासाठी एक मिनिट मौन पाळू या. सगळे उठले. आम्ही माना खाली घालून उभे राहिलो, काकांसाठी, आणि ती रिकामी पेट्टी आमच्या पुढ्यात.

मौन संपल्यावर मी बसले नाही. आधी काय बोलले ते नीट आठवत नाही, तमिळमध्ये बोलले आणि बरंच बोलले. शेवटचं आठवतं. "तुम्हाला उद्घाटन पाहिजे ना? मग तिथे येऊन करा."

माझ्या मनात तो टोमणा होता. त्यांना तो तोडगा वाटला. अध्यक्षांचा चेहरा उजळला. लाभार्थ्याच्या दारी लोकार्पण, हे तर जास्तच चांगलं दिसेल, असं खजिनदारही म्हणाले, आणि प्रमुखांना फोनवर विचारलं तर त्यांनीही सुटल्यासारखी संमती दिली. मी कपाळाला हात लावला. पण वेळ नव्हता. मी एकच अट घातली, की काकांचा फोटो कोणी काढायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

घरी येऊन मी काकीला सांगितलं तेव्हा माझी जीभ उचलत नव्हती. क्लबाची माणसं येणार, बॅनर लावणार, फीत कापणार. काकीने खाटेवरून नजर काढली नाही. म्हणाली, "कापूंदे, दिवा लावूंदे, काय पाहिजे तें करूंदे. पोरीला अप्पांचं तोंड दिसलं पाहिजे. तेवढंच."

ते आले. बॅनर तिण्णैच्या खांबांना बांधला. पेट्टी आत आणली, जोडली, ती घरघरायला लागली तसा माझा जीव थोडा भांड्यात पडला. पुतण्याने आणि आणखी दोघांनी काकांना उचलून आत ठेवलं, काच लावली, आणि मग काचेवरून पुन्हा फीत ओढली. कोणी कापायची यावर दारात कुजबुज झाली. पहिला हात लावायला तिथेही कोणी तयार नव्हतं. शेवटी अध्यक्ष कात्री घेऊन काकीकडे गेले आणि वाकून म्हणाले, अम्मा, तुमच्या हस्ते.

मी मध्ये पडणार तोवर तिने कात्री घेतली होती. तिला लवकर संपवायचं होतं. तिने फीत कापली आणि कापलेली टोकं हातात धरून विचारलं, हें कोणाला द्यायचं? तेवढ्यात त्यांनी तिच्या खांद्यावर पोन्नाडै घातली. आणि शाल पडली तशा टाळ्या वाजल्या. वाईट हेतूने नाही, आमच्या हातांना दुसरं काही येतच नाही. शाल दिसली की ते वाजतात. दोन-तीन टाळ्यांनंतर ज्याला त्याला कळलं आपण कुठे आहोत आणि एकेक हात खाली गेला. माझे हात वाजले नव्हते, पण मी त्यांच्यातलीच होते, त्याच रांगेत उभी. ती शाल मी काकीच्या खांद्यावरून काढली आणि बॅनर सोडायला सांगितला. अध्यक्ष जाताना म्हणाले, मॅडम, मनाला लावून घेऊ नका, काम झालं ना. झालं होतं. आणि त्याचाच राग जास्त येतो.

शुक्रवारभर पेट्टी घरघरत राहिली. वीज गेली नाही, ते एक देवाने केलं. काकी पेट्टीजवळ बसून काचेवर जमलेलं दव पदराने पुसायची, पोरीला नीट दिसावं म्हणून.

शनिवारी मुलगी आली. चप्पल काढून सरळ आत गेली, काचेवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. काकी सोडून आम्ही सगळे बाहेर आलो. थोड्या वेळाने ती बाहेर येऊन तिण्णैवर माझ्याशेजारी बसली आणि फोन माझ्या हातात दिला.

आमच्या समाजाच्या ग्रुपवर क्लबाची बातमी फिरत होती. लोकार्पण, बॅनर, अध्यक्ष, हातात कात्री धरलेली काकी. आणि खाली काचेतून काकांचं तोंड, अगदी स्पष्ट.

"दोहाला विमान बदलताना फोन चालू केला," ती म्हणाली. "पहिलं हेंच उघडलं. तिथेंच पाहिलं, आक्का."

मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात आतून काकीची हाक आली. "दिसले की ग तुला? नीट दिसले ना?"

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि पर्समध्ये टाकला.

"दिसले, अम्मा," ती म्हणाली. "आत्ता दिसले."