मच्छरदाणीतला पैलवान

"हार्टवर्म आहे," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. हार्टवर्म म्हणजे हृदयात आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढणारे दोऱ्यासारखे किडे. हे कशानं झालं, असं मी विचारलं. "डास चावून," ते म्हणाले. माझा विश्वासच बसेना.

आमचा कुत्रा कारवानी जातीचा, नाव पैलवान. आम्ही कोल्हापुरातले म्हशीवाले. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दिवाळी पाडव्याला इथं म्हशी सजवून गाडीमागं पळवतात. आमच्या म्हशीपुढं पैलवान धावायचा आणि माझे सासरे, म्हणजे मामा, छाती काढून मागून चालायचे.

त्या भाद्रपदात पैलवान खोकू लागला. जरा धावला की बसकण मारायचा. मामा म्हणाले, वय झालं. भरातल्या कुत्र्याचं कसलं वय? मी त्याला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. रक्त तपासल्यावर निदान झालं.

घरी येऊन गोठा नीट पाहिला, तेव्हा गोम कळली. रोज तिन्हीसांजेला आम्ही शेणी आणि कडुलिंबाचा पाला पेटवून म्हशींना धुरी द्यायचो. पैलवान राखणीला दाराबाहेर, पाण्याच्या हौदाशेजारी बांधलेला. ही रीत आजेसासऱ्यांपासूनची. म्हशी सुखात, आणि गोठ्यातले डास पाहुणचाराला पैलवानाकडे.

डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं, "मेलेले किडे फुफ्फुसात अडकतात. एकदा जरी जोरात पळाला, तरी हातचा जाईल." खोकल्यामुळं धूरही नको, जाळी लावा, म्हणाले.

मी हौदावर झाकण घातलं, पैलवानाला ओसरीवर घेतलं आणि घरातली जुनी मच्छरदाणी बांधली. मामा वैतागले. "कुत्र्याला मच्छरदाणी? गल्ली हसंल की."

गल्ली हसलीच. मी कुणाला भीक घातली नाही. गोळी गुळात लपवून चारायची, बाहेर न्यायचं तर पट्टा आखूड धरून, हळूहळू. एवढं धावरं जनावर, पण माझं ऐकायचं. मला त्याचं फार कौतुक वाटे.

पाडव्याला मात्र हलगी वाजली आणि तो ताडकन उठला. अंग थरथरत होतं. साखळीला असे हिसके देऊ लागला की माझ्या हाताला आवरेना. मला रडू फुटलं. फेटा बांधून निघालेले मामा दारातच थांबले. म्हशीचा कासरा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हाती दिला, फेट्यासकट मच्छरदाणीत शिरले आणि पैलवानाला कवेत घेऊन बसले. मिरवणूक दारावरून गेली. कुणीतरी हाक मारली, "मामा, आज आत कसं?"

"पैलवान आजारी हाय," मामा म्हणाले. "वस्ताद त्याच्यापाशीच बसणार की."

तो वाचला. रक्त पुन्हा तपासलं, ते स्वच्छ निघालं. पुढच्या पाडव्याला तो म्हशीपुढं धावला, तेव्हा मीही छाती काढून चालले.

तुमचा कुत्रा बाहेर झोपत असेल, तर जाळी लावा, पाणी झाकून ठेवा आणि महिन्याच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. लोक हसतील, हसू द्या. आमच्या गल्लीत हसणाऱ्यांनीच पुढं जाळ्या लावल्या.

त्यानंतर मामा पाव्हण्यांना म्हशींआधी ओसरीवर न्यायचे. मच्छरदाणीला हात लावून सांगायचे, "पावणं, ही आमच्या सूनबाईनं बांधली. म्या न्हाई म्हणत हुतो."