सिद्धूची सह्यांची वही

सिद्धू माझ्या काउंटरवर पहिल्यांदा आला तो पुस्तक मागायला नाही, सही मागायला. हातात शंभर पानी वही, तिच्यात पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, वेळ, ठिकाण, सही. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून त्याने सरळ मराठीत तोंड उघडलं. "अक्का, स्वल्प सही करा की. सव्वादहा ते बारा मी हितंच बसलो हुतो, तुम्ही बघितलंय न्हवं?" बघितलं होतं मी. खिडकीजवळ मान खाली घालून बसलेला हडकुळा मुलगा. पण लायब्ररीत बसल्याची सही मागणारं गिऱ्हाईक मला इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं. "का रे बाबा, कोर्टात दाखवायची आहे का?" मी चेष्टेनं विचारलं. तो हसला नाही. "वेळ आली तर दाखवायची," म्हणाला.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होसकोट्याच्या पुढे. माझं माहेर निपाणीचं, लग्न होऊन बेंगळुरूला आले त्याला जन्म लोटला. दिवसभर काउंटरवर कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी उरली ती घरी, नवऱ्याशी भांडण्यापुरती. त्यामुळे आमच्याच भागातल्या चिकोडीकडचं हे पोरगं 'हुतो', 'न्हवं' करत, 'जरा'ऐवजी कन्नड 'स्वल्प' पेरत बोललं आणि मी विरघळले. सही करून टाकली. एरवी मी अशी सहजासहजी कुणाला बधणारी बाई नाही, विचारा कुणालाही.

वहीमागचं कारण कळायला आठवडा गेला. पहिल्या वर्षी मेसच्या रांगेत एक मुलगा त्याच्या आईवरून काहीतरी घाण बोलला. याने हातातलं स्टीलचं ताट त्याच्या तोंडावर मारलं. पुढचा दात पडला. कॉलेजने लगेच काढलं नाही, प्रोबेशनवर ठेवलं, तेही थेट शेवटच्या परीक्षेपर्यंत. अट अशी की पुन्हा कुठल्याही गैरप्रकारात सहभाग किंवा नुसती उपस्थिती जरी आढळली तरी नाव कमी. बस डेपोत मेकॅनिक असलेल्या त्याच्या वडिलांनी येऊन त्या कागदावर सही केली होती. "दुसऱ्यानं सुरुवात केली होती ना, मग तू तसं सांगायचंस," मी म्हणाले. "सांगून काय? मारलं हुतं मी. खोटं कशाला बोलू?"

दर सोमवारी विभागाच्या सरांची सही घेणं एवढंच खरं तर त्याला बंधनकारक होतं. बाकीच्या सह्या त्याने स्वतःहून वाढवल्या. गेटवरचा वॉचमन, चहाच्या टपरीवरचे मंजुनाथ अण्णा, मारुतीच्या देवळातला पुजारी. केस कापणाऱ्याने तर सहीखाली कन्नडात शेरा मारला होता, 'कटिंग. मुलगा शांत.' तो वाचून मी पोट धरून हसले. सिद्धूने वही अलगद ओढून घेतली. "हसू नगा अक्का. ह्यो माणूस साक्षीला येतो म्हणालाय."

आणि त्याचं ते पळणं! दोन मुलं पंख्याखालच्या खुर्चीवरून हुज्जत घालायला लागली की हा पुस्तक मिटून जिना उतरायचा. एकदा मागचं कपाट कोसळलं, सगळी लायब्ररी त्या बाजूला धावली आणि हा दाराकडे. मी चिडून विचारलं तर त्याचं ठरलेलं उत्तर, "आवाज चढला की काढता पाय घ्यायचा. चूक नसली तरी जवळ नको." आपण मॅच जिंकलो तेव्हा होस्टेलच्या टीव्हीच्या खोलीत पोरं बाकं बडवत होती आणि हा एकटा बाहेर पाण्याच्या टाकीपाशी बसून होता. "अरे, ती आनंदानं ओरडत होती!" मी म्हणाले. "आनंदाचा आवाज का भांडणाचा, लांबनं कळत न्हाई अक्का. सरी, बरं, जाऊ दे. स्कोर सकाळी पेपरात कळतोय की."

सुरुवातीला गंमत वाटायची. मग गंमत संपली. एकवीस वर्षांचं पोर, ना कुणाची मैत्री, ना सहल, ना गॅदरिंग. जेवायलाही मेस रिकामी झाल्यावर जायचा, कारण ताटाचं प्रकरण तिथलंच. गार भात आणि तळाचं सांबार. मी डब्यात जास्तीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला लागले, तर ती जिन्याखाली उभ्यानं खाणार, कारण लायब्ररीत खायला मनाई आहे. मला भडभडून यायचं आणि रागही यायचा. ज्याचा दात पडला होता तो मुलगा दात बसवून कॅम्पसभर हिंडत होता, आणि हा जन्मठेप झाल्यासारखा भिंतीला धरून चालायचा.

त्याच्याशी आपणहून बोलणारा एकच होता, खोलीतला जोडीदार प्रज्वल. इथलाच, कन्नड मुलगा, मोकळा. शेवटच्या वर्षी प्रज्वलला महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्याने रविवारी दुपारी हॉटेलात जेवण ठेवलं. सिद्धूच्या परीक्षेला चार महिने राहिले होते. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "जाऊ का अक्का? तो म्हणतोय, तू आला न्हाईस तर मी बी केक कापणार न्हाई."

मी काय सांगायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "अरे जा! जेवायला बोलावलंय, दरोडा घालायला नाही. आणि ती वही खोलीत ठेवून जा, मेल्या. चार घास माणसासारखे खा." तो बराच वेळ काउंटरची कड बोटाने घासत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर जातो."

पुढचं त्यानेच मला सोमवारी सांगितलं, एका सुरात. केक कापला, गाणी झाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसांना गाणी खटकली. बाचाबाची सुरू झाली तसा हा उठला आणि बाहेर पडला. "स्टॉपवर पोचलो हुतो अक्का. बस बी आलती." तेवढ्यात आपली सगळी मुलं हॉटेलातून धावत सुटलेली त्याला दिसली. त्यांच्यात प्रज्वल नव्हता. याने बस सोडली आणि परत गेला. प्रज्वल दारात पडलेला, कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलेलं. रिक्षात घालून याने त्याला दवाखान्यात नेलं. मारामारीची केस म्हटल्यावर तिथे आणणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही लागते. याने दिली, कॉलेजच्या नावासकट. दवाखान्याने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी कॉलेजला. पळालेल्या पोरांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती. कागदावर एकच नाव होतं.

कॉलेजची चौकशी समिती बसली. त्याने आपली वही नेऊन पुढे ठेवली. एकाने ती चाळली आणि म्हणाला, "एवढे पुरावे कोण गोळा करतं? ज्याच्या मनात काही असतं तोच." रविवारचं पान तर कोरंच होतं. प्रज्वलला विचारलं, कपाळावर आठ टाके, हातात नोकरीचं पत्र. तो म्हणाला, मार लागल्यामुळे नीट आठवत नाही. त्याला तरी काय दोष देऊ?

"पण तू बाहेर पडला होतास, ते सांगितलं नाहीस?" मी सिद्धूला विचारलं.

"सांगितलं की. 'मग परत कशाला गेलास' म्हणाले."

"मग?"

"मग काय? गेलो हुतो न्हवं."

मीही गेले होते समितीपुढे. मनात ठरवून गेले होते की सांगायचं, हा जाणार नव्हता, मी ढकलला. आत पाचजण बसले होते, आणि जूनमध्ये माझ्या नोकरीचं कंत्राट पुन्हा व्हायचं होतं. "मुलगा चांगला आहे, मी रोज बघते," एवढंच बोलले. अध्यक्षांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही हॉटेलात होतात का?" नव्हते. "मग झालं तर," ते म्हणाले, आणि मी बाहेर आले. लाज वाटते सांगायला, पण माझे पाय झपझप उचलत होते.

नाव कमी झालं. दाखल्यावर शेरा असा पडला की दुसरं कॉलेज त्याला दारात उभं करणार नाही. साडेतीन वर्षांचा अभ्यास, ती उभ्यानं खाल्लेली भाकरी, सगळं मातीत गेलं.

न्यायला वडील आले. ठेंगणे, नखांत ग्रीस बसलेलं, धुतलेला पांढरा शर्ट. सामान गेटपाशी ठेवून दोघं मला भेटायला वर आले. सिद्धूने माझी ओळख करून दिली, "ह्या अक्का." वडिलांना बसा म्हटलं तरी बसले नाहीत. कॉलेजला शिव्या नाहीत, पोराला बोल नाही. खिडकीतून मैदानाकडे बघत म्हणाले, "दर रविवारी फोनवर सांगत हुतो, खोली सोडू नगं. इतकी वर्सं ऐकला की. त्या दिवशी हॉटेलात जायची बुद्धी ह्याला कुणी दिली, देवाला ठाऊक."

मी सिद्धूकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "कुणी न्हाई बाबा," तो म्हणाला. "माझं मलाच वाटलं."

आता तरी बोलायला हवं होतं. समोर समिती नव्हती, कंत्राट नव्हतं, एक बाप तेवढा उभा होता. माझी जीभ उचलली नाही. वडिलांनी मला हात जोडले. "परमुलखात माझ्या पोराला आईवानी बघितलंसा," म्हणाले. आणि मी तेही ऐकून घेतलं.